पाठ, भिंत आणि पाटी

'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही म्हण मी नोकरीच्या तीस वर्षांत मुलांना किती वेळा ऐकवली असेल, याचा हिशेब नाही. प्रार्थनेनंतरच्या पाच मिनिटांत मुख्याध्यापकाने काही तरी बोलावे अशी प्रथा असते, आणि अशा वेळी म्हणी फार कामाला येतात. मुले माना डोलावतात, शिक्षक घड्याळाकडे पाहतात, पहिल्या तासाची घंटा होते. बाहेरचे रूप खोटे आणि आतले खरे, हा विचार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यावर शंका घेणे म्हणजे संतांशी वाद घालण्यासारखे वाटावे. माझा तसा मनसुबा नाही. परंतु या म्हणीविषयी गेली काही वर्षे माझ्या मनात एक किंतु आहे. तो एका चित्रप्रदर्शनाने घातला, आणि नंतर माझ्याच कपाटातल्या एका जुन्या कागदाने वाढवला. त्या दोहोंविषयी, आणि मधे माझ्या मामांविषयी, वाचकांशी थोडे बोलावे असे मनात आहे.

जानेवारी २०२० मध्ये एका लग्नासाठी मुंबईस गेलो होतो. मुहूर्त संध्याकाळचा, दिवस मोकळा. काळा घोडा भागात सर कावसजी जहांगीर हॉल ही १९११ सालची इमारत आहे. १९९६ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय भरते. त्या दिवसांत तिथे सुधीर पटवर्धन यांच्या साऱ्या कारकिर्दीतील चित्रांचे 'वॉकिंग थ्रू सोल सिटी' नावाचे मोठे प्रदर्शन होते. चित्रांतले मला फारसे कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात चित्रकलेची ओळख म्हणजे कॅलेंडरे आणि जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, म्हणजेच दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. त्या चित्रांवर माझे आजही प्रेम आहे. पण त्यांतल्या स्त्रियांच्या त्वचेवर कधी एक डाग नसे, आणि पाठीमागे कमान किंवा भिंत असलीच तर तिला ओल लागलेली नसे. ती त्वचा आणि ती भिंत, दोन्हींवरून कधी ऊन-पाऊस गेलेला नव्हता.

पटवर्धनांच्या चित्रांसमोर उभे राहिल्यावर प्रथम थोडे अवघडल्यासारखे झाले, ते याचसाठी. तिथे माणसे होती ती जड खांद्यांची, पोट सुटलेली, कामावरून परतणारी, बाकावर बसून कशाकडेच न पाहणारी. 'इराणी रेस्टॉरंट' १९७७ चे, 'ट्रेन' १९८० चे. पुढे १९८९ चे 'पोखरण' हे ठाण्याच्या पोखरण रस्त्याच्या परिसराचे चित्र आणि २००१ चे 'लोअर परळ'. माणसे हळूहळू मागे सरत होती आणि इमारती पुढे येत होत्या. नव्हे, तसेही म्हणता येणार नाही. इमारतीसुद्धा माणसांसारख्याच रंगवल्या होत्या. पावसाचे ओघळ, गिलाव्याचे पोपडे, चाळीच्या कठड्यावरचे वाळत घातलेले कपडे, भिंतीवरून उतरणारे पाइप. या सगळ्यांकडे त्या चित्रकाराने ज्या नजरेने पाहिले, त्याच नजरेने मानेवरच्या वळ्या आणि कोपराची हाडे पाहिली होती. कोणते खाली आणि कोणते वर, असा भेद नव्हता.

हे चित्रकार पेशाने डॉक्टर. जन्म १९४९ चा, पुण्याचा. तिथल्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये पदवी घेतली, मुंबईस आले, आणि १९७५ पासून पुढे तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण नाही. ही माहिती तिथल्या भिंतीवर वाचली आणि मी पुन्हा पहिल्या दालनात गेलो. कारण मला ही गोष्ट फार विलक्षण वाटली. ज्या माणसाचा धंदाच कातडीच्या आत पाहण्याचा, त्याने चित्र काढताना कातडीवरच का थांबावे? ज्याला आतले दिसते, त्याला बाहेरचे इतके का हवे असावे?

क्ष-किरणांची कथा बहुतेकांना माहीत असते. १८९५ च्या अखेरीस विल्हेल्म रॉन्टगेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. बोटांची हाडे स्पष्ट दिसतात, आणि एका बोटात अंगठी दिसते. ते चित्र मी दरवर्षी विज्ञानाच्या पुस्तकात पाहत आलो, पण त्या दिवशी प्रथमच एक गोष्ट ध्यानात आली. तो हात कोणाचा, हे त्या हाडांवरून कोणालाही सांगता येणार नाही. तो विवाहित माणसाचा आहे एवढे जे कळते ते अंगठीवरून, आणि अंगठी तर वरची वस्तू! आत जावे तसतशी माणसे एकमेकांसारखी होत जातात. ज्याने माणूस हा 'हा' माणूस ठरतो, ते बरेचसे वरच असते.

आता मामांविषयी.

माझे मामा चंदगड भागातले. आमच्या या पट्ट्यातली किती तरी माणसे त्या काळी गिरणीत गेली, तसेच तेही सोळाव्या-सतराव्या वर्षी गेले. लोअर परळला गावच्या मंडळींचा गाळा होता. एका खोलीत पाळ्यांप्रमाणे झोपणारी वीस-बावीस माणसे, कोपऱ्यात ट्रंका, आणि जेवायला खानावळ. मामा सूतकताईच्या खात्यात होते. चालत्या यंत्रावर तुटलेला धागा बोटांनी सांधायचा, हे काम. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. मामा १९८३ च्या पावसाळ्यात ट्रंक घेऊन परत आले, आणि ती दिवाळी त्यांनी आमच्याकडे, म्हणजे बहिणीकडे, केली.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आईने माझ्या हाती तेलाची वाटी दिली आणि म्हणाली, "जा, मामांच्या पाठीला लाव." मी बारा-तेरा वर्षांचा असेन. कंदिलाच्या उजेडात मी ती पाठ पाहिली. डाव्या खांद्याखाली भाजल्याची जुनी, ताणलेल्या कातडीची खूण होती. मानेच्या खाली बारीक पुरळाचे डाग होते, वर्षानुवर्षांच्या घामाचे. उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली उतरलेला. तेल लावताना माझा हात त्या भाजल्याच्या खुणेपाशी थबकला, तर मामा म्हणाले, "काही होत नाही रे, चोळ." त्यापुढे त्यांनी काही सांगितले नाही. गिरणीबद्दल ते कधीच फारसे बोलत नसत. गिरणीविषयी मला जे पहिले कळले ते त्या पाठीवरून. शब्द नंतर, पुस्तकांतून आले.

पुढे नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास त्यांचा खोकला वाढला, तेव्हा त्यांना घेऊन शहरातल्या एका डॉक्टरांकडे मी गेलो होतो. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला, बराच वेळ पाहिला, काय ते लिहून दिले. औषध योग्य होते, मामांना उतारही पडला. तेव्हा तक्रार करण्यासारखे काही नाही. पण परतताना बसमध्ये मामा हसत म्हणाले, "माझा फोटो बघितले, मला बघितलेच नाहीत." ते तेव्हा मी गंमत म्हणून घेतले.

आणि आणखी एक. अलीकडे रेशनच्या दुकानात अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र आले. वयाने आणि कामाने झिजलेल्या बोटांचे ठसे ते यंत्र ओळखत नाही, हे खेड्यापाड्यांत कोणीही सांगेल. मामांनी प्रथम गिरणीत धागे सांधले, नंतर तीस-बत्तीस वर्षे शेतीत माती उपसली. त्यांच्या बोटांवर रेषा उरल्याच नव्हत्या. यंत्राने तीनदा नकार दिला. ज्या कातडीवर त्या माणसाचे सगळे आयुष्य लिहिलेले होते, तीच यंत्राला कोरी वाटली. मामा २०१८ मध्ये गेले. दोन वर्षांनी मी ते प्रदर्शन पाहिले. त्यांनी ती चित्रे पाहिली असती तर काय म्हणाले असते, हे मला सांगता येणार नाही, आणि त्यांच्या तोंडी सोयीचे वाक्य घालणे मला बरे वाटत नाही. मी मात्र त्या दालनांत उभा असताना कंदिलाच्या उजेडातली पाठ पाहत होतो.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक आहे. पण मग चोखोबांचे काय? ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, हा त्यांचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकतो. रूपाला भुलू नका, आतले पाहा, हेच त्यांनी सांगितले ना? आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मी त्यावर पुष्कळ दिवस विचार केला. मला असे वाटते की हे सांगण्याची पाळी चोखोबांवर का आली, ते आपण विसरतो. त्यांना देवळाबाहेर ठेवणाऱ्यांनी त्यांचे बाह्यरूप तरी कुठे पाहिले होते? त्यांच्या हातांकडे, चेहऱ्याकडे, ते ज्या गावकुसाच्या कामावर होते त्या अंगाकडे कोणी नीट पाहिले असते, तर पुढचे बोलणेच वेगळे झाले असते. पाहणाऱ्यांनी फक्त जात ऐकली आणि डोळे मिटले. म्हणजे त्यांनी रूप पाहिले नाही, पाटी वाचली. आणि पाटी वाचणे व पाहणे या दोन अगदी वेगळ्या क्रिया आहेत. पाटी वाचून होताच डोळ्यांचे काम संपते. पाहण्याचे मात्र तिथून पुढे सुरू होते. 'वरवर पाहू नका' असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा आपल्याला म्हणायचे असते की 'पाटी वाचून थांबू नका'. पण शब्दांच्या घोटाळ्यात आपण पाहणेच वर्ज्य करून टाकले. आतले खरे म्हणून बाहेरच्याकडे दुर्लक्ष करायला एक पुण्याईची सबब मिळाली.

मला तर ही सबब अधिक सोयीची वाटते ती आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांना. 'माणूस मनाने चांगला असला की झाले' असे म्हटले, की त्याच्या फाटक्या टाचा पाहाव्या लागत नाहीत.

हा प्रश्न एकट्या मुंबईच्या चित्रकाराला पडला असे नव्हे. विलायतेत लुशियन फ्रॉइड नावाचे चित्रकार होऊन गेले. १९२२ मध्ये बर्लिनला जन्म, २०११ मध्ये लंडनला मृत्यू. मनाच्या तळघरात उतरणारे सिग्मंड फ्रॉइड हे त्यांचे सख्खे आजोबा. आजोबा आयुष्यभर माणसाच्या आत शिरत राहिले. नातू आयुष्यभर कातडीवर थांबला. क्रेमनिट्झ पांढरा म्हणून शिशापासून केलेला एक जड रंग असतो, तो वापरून ते कातडीचे एकेक ठिगळ रचावे तसे रंगवीत. एकेका चित्राला महिनेच्या महिने लागत आणि समोरच्या माणसाला तितका काळ येऊन बसावे लागे. सरकारी मदत कार्यालयात काम करणाऱ्या एका अतिशय स्थूल बाईंचे, सोफ्यावर झोपलेल्या अवस्थेतले, त्यांचे १९९५ चे चित्र प्रसिद्ध आहे. विवस्त्र आहे, तेव्हा शाळेच्या भिंतीवर लावण्यासारखे नव्हे. आणि घरच्या दिवाळी अंकात त्याविषयी लिहावे की नाही, असाही क्षणभर विचार आला. पण त्या चित्रात चाळवणारे काही नाही. तिथे वजन आहे, झोप आहे, आणि ती बाई स्वतःच्या शरीरात निवांत आहे. २००८ मध्ये ते न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ३६ लाख डॉलरला गेले. हयात चित्रकाराच्या चित्राला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत होती. त्या आकड्याकडे मी पुन्हा येणार आहे.

या फ्रॉइड यांचे वडील वास्तुविशारद होते. ते १९७० मध्ये वारले, आणि त्याच सुमारास मुलाने लंडनच्या पॅडिंग्टन भागातल्या आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या घरांच्या मागच्या बाजू रंगवायला घेतल्या. १९७० ते ७२ अशी दोन वर्षे. पुढच्या बाजू नव्हेत, मागच्या. धुरांडी, विटा, पाइप, आणि समोरच्या पडीक जागेत टाकलेला कचरा, एकेक चिंधी आणि एकेक फळकूट. बांधणाऱ्या बापाच्या मरणानंतर मुलाने केलेले हे श्राद्धच म्हणावे काय? मी हे फार ओढूनताणून म्हणत असेन. पण घराची मागची बाजू इतक्या जिव्हाळ्याने दुसऱ्या कोणी रंगवलेली माझ्या पाहण्यात नाही.

आपल्या शेजारच्या गोव्याचे, साळगावचे, फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२) यांचे नावही इथे घ्यायला हवे. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांतले ते एक. त्यांची मुंडकी आणि त्यांची शहरे एकाच जाड काळ्या रेषेने बांधलेली असतात. घराच्या भिंतीवरचे ओरखडे आणि गालावरचे ओरखडे यांत फरक करता येत नाही. पण तिथे राग आहे. सूझा पाहण्यापूर्वीच रागावलेले असतात, असे मला वाटते. पटवर्धन रागावत नाहीत, आणि दयाही करीत नाहीत. माझ्या मते दया न करणे हे अधिक कठीण.

आता तो लिलावाचा आकडा. दुसऱ्याच्या शरीराकडे, दुसऱ्याच्या घराच्या पडक्या भिंतीकडे इतके टक लावून पाहण्याचा अधिकार चित्रकाराला कोणी दिला? कामगार चित्रात राबतो आणि चित्र दिवाणखान्यात जाते. ज्याची पाठ रंगवली, त्याला त्या चित्राची किंमत सात जन्मांत मोजता येणार नाही. खुद्द पटवर्धनांनाही हा प्रश्न टोचत होता. १९८१ मध्ये 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन झाले. भूपेन खक्कर, गुलाम मोहम्मद शेख, नलिनी मलानी, विवान सुंदरम, जोगेन चौधरी आणि पटवर्धन असे सहा चित्रकार त्यात होते, आणि चित्रात साधी माणसे पुन्हा आणणे हा त्याचा गाभा होता. आपण ज्यांना रंगवतो त्यांना त्या आकृत्या आपल्या वाटाव्यात, अशी इच्छा पटवर्धनांनी त्या काळात बोलून दाखवली आहे. पुढे त्यांनी महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या शहरांत चित्रांचे फिरते प्रदर्शनही नेले. तरी प्रश्न मिटत नाही, आणि मिटू नये हेच बरे. डॉक्टरासमोर माणूस शर्ट काढतो तो बरे होण्यासाठी. चित्रकारासमोर तो कशासाठी उभा राहणार? मला एवढेच दिसते की चित्रकाराच्या पाहण्यात एक किंमत त्याला स्वतःला मोजावी लागते, ती म्हणजे वेळ. पाटी वाचायला एक क्षण लागतो. ओल लागलेली भिंत तिच्या सगळ्या छटांसह कागदावर उतरवायची तर निदान काही दिवस त्या भिंतीशी राहावे लागते. आणि जिच्याशी राहिलो, तिच्याविषयी उगीच काही बोलवत नाही. हा अधिकार झाला की नाही मला माहीत नाही. पण याहून स्वस्तात दुसऱ्याकडे पाहू नये, असे मी आता मानतो.

हे 'आता' मी जाणूनबुजून लिहिले. पूर्वी मानत नव्हतो, त्याचा पुरावा माझ्याच कपाटात आहे.

२०११ ची गोष्ट. मी नुकताच मुख्याध्यापक झालो होतो. स्नेहसंमेलनानिमित्त मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन होते, विषय 'आमची गल्ली'. बहुतेक मुलांनी काढले होते तेच: दोन डोंगर, मधे सूर्य, खाली कौलारू घर आणि नारळाचे झाड. आमच्या गल्लीत डोंगर कुठून आला, हे विचारायचे नसते. आठवीतल्या एका मुलाने मात्र एक भिंत काढली होती. नुसती भिंत. गिलावा निघालेला, खाली लोणा लागलेला, वर एक दुकानाची पाटी आणि तिच्यावर ओतलेले डांबर. सीमाभागातल्या वाचकांना हे दृश्य समजावून सांगायला नको. भाषेच्या वादाची लाट आली की एका रात्रीत पाट्या काळ्या होतात. कधी यांच्या, कधी त्यांच्या.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठ अधिकारी भेटीस येणार होते. चित्र पाहून माझ्या पोटात गोळा आला. मी त्या मुलाला बोलावले आणि विचारले, "ही कुठली पाटी काढलीस? कन्नड का मराठी?"

तो म्हणाला, "मी बोर्ड काढलो नाही सर, डांबर काढलोय."

"अरे पण खाली काय लिहिलं होतं?"

"ते दिसंनाच सर. मग कसं काढू?"

आणि खरोखरच, त्या चित्रात डांबराखालून एक अक्षर डोकावत नव्हते. म्हणजे पाटी कोणाची हे ठरवता येत नव्हते. म्हणजे दोन्हीकडचे लोक ती आपलीच समजणार होते. म्हणजे मला दोन्हीकडून त्रास होता. असा माझा हिशेब. मी चित्र काढून घेतले, त्या जागी डोंगर-सूर्याचे एक लावले आणि मुलाला सांगितले, "तुझं चित्र छान आहे, पण विषयाला धरून नाही." गल्लीचे चित्र असलेले त्या भिंतीवर तेच एक होते. मुलगा काही बोलला नाही. अधिकारी आले, चहा घेतला, चित्रांवरून एक नजर फिरवली आणि गेले. माझ्या मते ते चित्र लागलेले असते तरी त्यांनी पाहिले नसते.

त्याचे वडील पेंटर. पाट्या रंगवणारे. एकाच ब्रशने कन्नडही लिहीत, मराठीही लिहीत, आणि डांबर पडले की दोन्हीकडचे लोक त्यांनाच बोलावीत. ते काम किती किचकट असते, हे मला अलीकडेच कळले. डांबर पुसून जात नाही. रॉकेलने पुसावे तर पसरते आणि खालचा रंगही उठतो. वाळू द्यावे लागते, मग पत्र्याने खरवडायचे, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमरचा हात द्यायचा आणि मग पुन्हा अक्षरे. पुढे फ्लेक्स आले, तसे त्यांचे काम निम्म्यावर आले. मुलगा शिकून पुण्याला नोकरीस लागला. कसली नोकरी ते मी विचारले, तर "गाड्यांच्या कंपनीत, रंगखात्यात" म्हणाले.

गेल्या मे महिन्यात शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवरचे नाव नव्याने लिहायचे ठरले. व्यवस्थापन समितीतल्या एकांनी फ्लेक्स सुचवला होता. मी पेंटरांना बोलावले. सकाळी ते भिंत खरवडत होते. पोपडे खाली पडत होते. पिवळ्याखाली निळा, निळ्याखाली चुना. मधेच थांबून एका जुन्या अक्षराच्या वेलांटीवर बोट ठेवून म्हणाले, "हे माझंच आहे सर. लग्नाच्या आधीचं." मला राहवले नाही. मी आत गेलो, कपाटातून तो कागद काढून आणला आणि त्यांच्या हातात दिला. तो मी का ठेवून घेतला होता, कोणाला दाखवू दिला नाही, हे सगळे सांगितले. माफी मागायची तर मुलाची मागायला हवी होती, पण तो पुण्याला.

ते माझे बोलणे ऐकत होते असे वाटले नाही. हात विजारीला पुसून त्यांनी कागद दोन बोटांत धरला, डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"डांबर रात्री टाकत्यात, सर," ते म्हणाले. "थंडीत ते जागच्या जागी गोठतंय. गोळा होऊन बसतंय. हे बघा, ह्यात बारीक बारीक ओघळ आहेत, खाली दगडापर्यंत आलेले. हे दुसऱ्या दिवशीच्या उन्हानं होतंय. दीड-दोन वाजता." कागद मला परत देत त्यांनी पत्रा पुन्हा उचलला. "म्हणजे पोरगं सकाळी बघून, दुपारी परत जाऊन बघून आलंय."